दोन्हीकडं पेटणारा टेस्टर

नळदुर्गच्या बसस्थानकामागच्या गल्लीत रुद्रम्मा एकटी राहायची. नवरा महांतप्पा वारला, लेक शुभांगी लग्न होऊन सोलापूरला गेली. रिकाम्या घरात बसून करायचं काय, म्हणून रुद्रम्मानं शेंगाचटणीचं काम वाढवलं. हायवेवरच्या ढाब्यांवर तिची चटणी जायची. दाणे भाजायचे, लसूण, तिखट, जिरं घालायचं आणि मिक्सरवर थांबत थांबत फिरवायचं. सलग फिरवलं तर तेल सुटून लगदा होतो. सगळा कारभार त्या मिक्सरवर. आणि एका सकाळी त्याच मिक्सरनं नुसताच एक हिसका दिला आणि तो गप्प झाला.

मिक्सरबरोबर स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यातला छोटा लाल दिवाही विझला. लाईट गेली असेल म्हणून ती पुढच्या खोलीत आली, तर तिथं पंखा फिरत होता. फ्रीजही घरघरत होता. तिनं मिक्सर उचलून पुढं आणला, फ्रीजशेजारच्या बोर्डाला लावला. मिक्सर झकास फिरला. परत स्वयंपाकघरात नेला, पुन्हा बंद.

"ह्याला काय धाड भरली?" ती मिक्सरलाच म्हणाली. बटण बंद करून ती कपडे वाळत घालायला गेली. परत आली तर देव्हाऱ्यातला लाल दिवा लागलेला. तिनं कशालाही हात लावला नव्हता. आनंदानं तिनं ट्यूब लावली. ट्यूब क्षणभर चमकली आणि विझली. तिच्यासोबत लाल दिवाही पुन्हा गेला.

आणि त्याच वेळी भिंतीपलीकडून आवाज आला, "गेली! गेली बघा परत!"

आवाज जावेचा होता, उमाबाईचा. रुद्रम्मा जागच्या जागी उभी राहिली.

हे घर पूर्वी एकच होतं. महांतप्पा आणि त्याचा धाकटा भाऊ शिवप्पा वेगळे झाले, तेव्हा घराच्या मधोमध भिंत घातली, मीटर वेगवेगळे घेतले. वाटणीच्या दिवशी मोरीच्या पाण्यावरून जे भांडण पेटलं, ते दोघी जावांच्या माहेरच्यांपर्यंत गेलं. तेव्हा शुभांगी शाळेत होती. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. महांतप्पा वारला त्या दिवशी शिवप्पा आला होता, पण तो गल्लीत लोकांमागं उभा राहिला आणि माती देऊन तसाच शेताकडं निघून गेला. तो रडत होता की नाही, हेसुद्धा रुद्रम्माला कळलं नव्हतं.

आणि आता तिची लाईट गेली की पलीकडून 'गेली गेली' म्हणून ओरडणं! पण उमाला कळतं तरी कसं? मधल्या भिंतीला ना खिडकी, ना भोक. रुद्रम्मानं भिंतीवरून हात फिरवून पाहिला. नुसती भिंत होती.

तिनं शुभांगीला फोन केला. शुभांगी म्हणाली, "अव्वा, लाईटच्या ऑफिसात सांग." तिनं सांगितलं. तिथला माणूस चांगला बोलला, पण म्हणाला, "मीटरपर्यंत आमचं बघणं, आजी. मीटरच्या आत तुमचा वायरमन बोलवा."

पण वायरमन आणायचा कुठून? या घराची फिटिंग हरिबानं केली होती. हरिबा म्हातारा होऊन तामलवाडीला मुलाकडं गेला होता. त्याचा नंबर मिळाला, फोनही लागला, पण त्याला ऐकू कमी यायचं.

"हरिबा, स्वयंपाकघरातली लाईट जातीय!"

"कोण जातंय?"

"लाईट!"

"जाऊ द्या, जाऊ द्या, म्हातारपणी चालायचंच," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. कोण वारलं असं त्याला वाटलं असावं, ते रुद्रम्माला शेवटपर्यंत समजलं नाही.

मग तिनं हायवेच्या कडेला भिंतीवर रंगवलेला नंबर लावला. 'सर्व प्रकारची मोटार व फिटिंग' असं तिथं लिहिलेलं होतं. बंडप्पा नावाचा माणूस आला. हाताला ग्रीस, खांद्यावर विहिरीतल्या मोटारीचा वास. त्यानं मिक्सर उलटा करून पाहिला, नाकाजवळ नेऊन हुंगला.

"जळाल्याला न्हाय," तो म्हणाला. त्याला थोडं वाईट वाटल्यासारखं दिसलं. मोटार जळालेली असती तर त्याला काम कळलं असतं. त्यानं बोर्डाचा सॉकेट बदलला, बटण दाबलं. मिक्सरनं हिसका दिला, बंद. मग त्यानं खिशातला टेस्टर काढून सॉकेटच्या एका भोकात घातला. टेस्टर पेटला. दुसऱ्या भोकात घातला. तिथंही पेटला.

बंडप्पानं टेस्टर बाहेर काढून झटकला, स्वतःच्या शर्टाला पुसला आणि पुन्हा घातला. दोन्हीकडं पेटला.

"मावशी, तुमच्या सॉकेटात दोन्ही भोकांत लाईट हाय."

"मग चांगलंच की. दुप्पट चालायला पायजे."

"तसं नसतं वो. एकातच पायजे. दुसऱ्यात असली तर..." तो थांबला. "दोन्हीत हाय, आन् चालत काहीच न्हाय. आमी मोटारचं काम करतो बघा. सामान घेऊन येतो." तो गेला तो परत आलाच नाही.

दुसरा माणूस बाजारातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून आला. तरुण होता, बोलायला चटपटीत. त्यानंही टेस्टर लावला, दोन्हीकडं पेटलेला पाहिला आणि मान हलवली. "काकू, फिटिंग जुनी झाली. भिंतीत वायरी एकमेकींना चिकटल्यात. सगळं फोडून नवीन करावं लागंल. ह्या खोलीपासून धरा, मग पुढची."

"पण पुढच्या खोलीत तर सगळं चालतंय."

"आज चालतंय," तो म्हणाला.

हे ऐकून रुद्रम्मा अजूनच गोंधळली. तो बोलत असतानाच देव्हाऱ्यातला लाल दिवा आपोआप लागला. दोघांनीही त्याच्याकडं पाहिलं. तरुणानं आपली पिशवी उचलली. "तुम्ही ठरवा अन् सांगा," म्हणाला आणि उंबरा ओलांडून गेला. शेजारच्या बाईनं सांगितलं, घरावरून नारळ उतरून टाका. रुद्रम्मानं तेही केलं. नारळाचा काही उपयोग झाला नाही.

ती मिक्सर पुढच्या खोलीत वापरू लागली. पण तिखटाची भुकटी गादीवर बसायची, पाहुणा आला की शिंकायचा. स्वयंपाकघरात दिवसाही अंधार; ती बॅटरी मान आणि खांद्यात धरून फोडणी द्यायची. आणि सवयीनं कधी ट्यूबचं बटण दाबलं गेलं, की पलीकडून उमाबाईचा आवाज यायचाच, "गेली! आता जेवायच्या टायमाला!" रुद्रम्माच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एवढा कसला वैरभाव? माझ्या घरातला अंधार हिला दिसतो कसा, आणि दिसला तर त्यात एवढं ओरडून सांगायचं काय? एकदा तर तिनं मुद्दाम ट्यूबचं बटण दाबलं आणि कान भिंतीला लावला. पलीकडं भांडं आदळल्याचा आवाज आला. मग उमाबाई म्हणाली, "आता ह्याला मी काय करू?" तिचा आवाज आनंदाचा नव्हता. रुद्रम्माला ते आठवत राहिलं, पण त्याचा अर्थ लागेना.

ढाबेवाला इंद्रजित चटणी घ्यायला आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. इंद्रजित म्हणाला, "विरेशला बोलवा. माझ्या ढाब्याचं सगळं त्योच करतो. पोरगं गुणी हाय, फक्त 'आलोच' म्हटलं तर आला असं समजू नका."

ते अगदी खरं निघालं. रुद्रम्मा फोन करायची आणि विरेश म्हणायचा, "आलोच मावशी." पाठीमागं ट्रकचे हॉर्न, कुणीतरी हाक मारतंय, फोन बंद. पुन्हा फोन केला की, "निघालोच बघा." दाराशी मोटारसायकल थांबली की ती उठून बघायची, कुणीतरी दुसराच असायचा. शेवटी तिनं फोन करणं सोडून दिलं आणि मग एका दुपारी, ती दाणे पाखडत बसली असताना, विरेश खरंच दारात उभा राहिला.

तो तिशीचा, कपाळाला विभूतीचे पट्टे, पाठीला फाटकी सॅक. आत येताना तो गल्लीकडं बघत म्हणाला, "ह्या गल्लीत माझं कामाचं एक घर हाय की. हे पलीकडचं, शिवप्पांचं."

"तिकडचं सांगू नकोस," रुद्रम्मा म्हणाली. "इकडचं बघ."

विरेशनं सॉकेट उघडला, वायरी ओढून पाहिल्या, घट्ट होत्या. वर चढून ट्यूबची पट्टी उघडली, तीही ठीक. टेस्टर लावला, त्या वेळी तो एकाच भोकात पेटला. "बरोबर हाय की," तो म्हणाला.

"मिक्सर लाव, मग बघ."

त्यानं बटण दाबलं. हिसका. लाल दिवा विझला. त्यानं टेस्टर लावला. दोन्हीकडं पेटला. विरेशनं डोकं खाजवलं. "आयला," तो म्हणाला आणि लगेच, "माफ करा मावशी."

तेवढ्यात पलीकडून उमाबाईचा आवाज आला, "गेली का परत! अगं बाई!"

रुद्रम्माचा संताप झाला. "ऐकलंस? रोज हेच. माझी लाईट गेली की तिला आनंद होतो. तिला कळतं कसं, हेच मला कळंना."

विरेश तसाच स्टुलावर बसून राहिला. त्याच्या तोंडावर एक विचित्र भाव आला, वाट चुकलेल्या माणसाला ओळखीचं झाड दिसावं तसा. "मावशी," तो हळू म्हणाला, "त्यांची बी लाईट जातीय. रोज. म्हणून मला दोनदा बोलावलं त्यांनी."

"म्हंजे?"

"त्यांच्या गिझरचा शॉक बसत होता. म्हणून मी तिथं एक बटण बसवलं. घरात जेवढी लाईट येती तेवढीच परत गेली पायजे. कमीजास्त झाली, की ते बटण आपोआप पडतं आन् सगळं घर बंद. बसवल्या दिवसापासनं ते रोज पडायला लागलं. बटण खराब म्हणून मी बदललं. दुसरं बी पडायला लागलं. मी म्हटलं, ह्या घरात कायतरी भूतच हाय." तो स्टुलावरनं उठला. "बटण बंद करा मिक्सरचं. आता थांबा."

दोघंही लाल दिव्याकडं बघत उभी राहिली. पलीकडं पावलं वाजली, एक 'खट्' असा आवाज झाला आणि इकडं देव्हाऱ्यात लाल दिवा लागला.

रुद्रम्मानं तोंडाला पदर लावला. तिला हसावं की रडावं ते कळेना.

विरेश तिला समजावून सांगू लागला. लाईट एका वायरनं येते आणि दुसरीनं परत जाते. रुद्रम्माच्या स्वयंपाकघरात ती येत होती तिच्याच मीटरवरून, पण परत जायची भिंतीतून, शिवप्पाच्या घरातून. मिक्सर लावला, ट्यूब लावली, की पलीकडं हिशोबाबाहेरची लाईट परत जायची आणि ते नवं बटण पडायचं. पडलं की परतीची वाटच बंद. "मग लाईट हितंच तुंबून ऱ्हाती," विरेश म्हणाला. "म्हणून टेस्टर दोन्हीकडं पेटतो. लाल दिवा लई बारका, तेवढ्यानं बटण पडत न्हाय."

"पण मीटर वेगळे, भिंत वेगळी... मग वायर एक कशी राहिली?"

"ते मला कसं ठाऊक? ते करणाऱ्यालाच ठाऊक." त्यानं सॅकमधून पकड काढली. "पण जोड त्यांच्या बाजूला हाय. तो तोडायचा आन् तुमची वायर तुमच्या बोर्डातनं ओढायची. दोन्ही घरची मेन बंद पायजे. मी मधी काम करणार, कुणी चुकून चालू केली तर मी गेलो. म्हणून त्यांच्या मेनपाशी एक माणूस पायजे आन् तुमच्या मेनपाशी एक."

"मग जा तू, सांग त्यांना."

"मी सांगतो. पण जोड नेमका कुठं हाय ते बघायला तुमी चला. घर पहिल्यांदा कसं होतं, ते तुमालाच ठाऊक. मी कुठं कुठं फोडत बसू?"

रुद्रम्मा दारापर्यंत गेली, परत आली, हात धुतले, पुन्हा गेली. शिवप्पाच्या दारात ती उभी राहिली तेव्हा उमाबाई आतून बाहेर येत होती. दोघी समोरासमोर थांबल्या. उमाबाईचे केस पिकले होते. ते रुद्रम्मानं लांबून, गल्लीतून पाहिलं होतं, पण इतक्या जवळून नाही.

"लाईटचं हाय," रुद्रम्मा म्हणाली.

"तुमी कायतरी करताय वाटलं मला," उमाबाई एकदम म्हणाली. "तुमच्या बटणाचा आवाज यायचा आन् आमची लाईट जायची. मी ह्यांना म्हटलं, अक्का तिकडनं कायतरी करतात."

"आन् मला वाटलं, तू खूश होऊन वराडतीस."

"खूश? माझं अर्धं पीठ दोनदा गिरणीतच राहिलं, अक्का. घरगुती गिरणी घेतलीय ना."

विरेश दोघींच्या मधून आत शिरला. "जोड कुठं आसंल?" त्यानं विचारलं.

रुद्रम्मानं आत पाहिलं. पलीकडची खोली तिला ओळखूच येईना. रंग वेगळा, कपाट वेगळं, जिथं तिची चूल होती तिथं आता पलंग. ती गोंधळून उभी राहिली. मग उमाबाईच पुढं झाली, कपाट सरकवलं आणि भिंतीच्या कोपऱ्यातल्या जुन्या लाकडी डबीवर बोट ठेवलं. "ही नसंल? हरिबा इथंच काम करत होता त्या दिवशी."

रुद्रम्माला एकाएकी सगळं आठवलं. वाटणीचा दिवस. हरिबा शिडीवर. खाली दोघे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून गेलेले आणि त्या दोघी आपापल्या नवऱ्याला मागं ओढता ओढता स्वतःच भांडू लागलेल्या. "हरिबा काम अर्धं सोडून पळाला होता," ती म्हणाली.

"पकड बी हितंच टाकून," उमाबाई म्हणाली. "दुसऱ्या दिवशी पोराला पाठवून मागवली त्यानं. स्वतः आलाच न्हाय भ्यायलेला."

विरेशनं डबी उघडली. आत काळ्या पडलेल्या वायरींची एक गुंडाळी होती. "हं. हीच बघा," तो म्हणाला. "आता एक बाई हितं, एक बाई तिकडं."

रुद्रम्मा आपल्या घरी जाऊन मेन बंद करून उभी राहिली. भिंतीपलीकडून उमाबाईची हाक आली.

"अक्का, बंद केलं का?"

"केलं!"

"हात लावू नका बरं का आता!"

"न्हाय लावत! तू बी हलू नकोस तिथनं!"

बराच वेळ काम चाललं. विरेश कधी इकडं, कधी तिकडं. वायर ओढायला रुद्रम्मानं हात दिला, पलीकडं उमाबाईनं टॉर्च धरला. मधूनमधून दोघी भिंतीतून ओरडून विचारत राहिल्या, आणि विचारायचं काही उरलं नाही तरी उमाबाईनं एकदा उगाच हाक मारली, "अक्का, हाय ना तुमी?" रुद्रम्मानं "हाय की" म्हटलं. तिला हे सगळं नीट कळत नव्हतं. कालपर्यंत ती या बाईला शिव्या घालत होती.

शेवटी विरेशनं दोन्ही मेन चालू करायला लावल्या. रुद्रम्मानं ट्यूब लावली, मिक्सर लावला. दोन्ही चालले. पलीकडची लाईटही तशीच राहिली. विरेशनं टेस्टर लावून तिला दाखवला: एका भोकात पेटला, दुसऱ्यात नाही. मग त्यानं सॅक भरली, इंद्रजितच्या ढाब्यावरून पाच-सहा फोन येऊन गेल्याचं सांगितलं, सगळ्यांना 'आलोच' म्हणाला आणि गेला.

उमाबाईनं दारातूनच रुद्रम्माला आत बोलावलं. "बसा, अक्का. च्या ठेवते." रुद्रम्मा नको म्हणणार होती, पण नको कसं म्हणायचं तेही आठवेना, म्हणून ती बसली. चहा पिऊन झाला. दोघी गिरणीबद्दल बोलल्या, शुभांगीच्या मुलाबद्दल बोलल्या. मोरीबद्दल कुणीच काही काढलं नाही. महांतप्पाचं नावही आलं नाही. एकदा उमाबाईच्या ओठांवर आलं होतं, असं रुद्रम्माला वाटलं, पण ती थांबली.

इतक्यात दारात चपला वाजल्या. शिवप्पा शेतातून आला होता. त्यानं आत पाहिलं, पलंगाच्या कडेला बसलेली वहिनी पाहिली आणि तो उंबऱ्यातच थांबला. रुद्रम्मा उठून उभी राहिली. शिवप्पा वळला, बाहेरच्या नळावर पाय धुऊ लागला. कितीतरी वेळ तो पाय धूत राहिला. रुद्रम्माला वाटलं, आपण जावं. ती दाराकडं निघाली.

शिवप्पा टॉवेलनं पाय पुसत आत आला. रुद्रम्माकडं न बघता त्यानं बायकोला विचारलं, "वैनीला च्या दिलास का?"

दोन रिकामे कप समोरच पडले होते. त्यानं ते पाहिले की नाही, देव जाणे.

"न्हाय दिला अजून," उमाबाई म्हणाली आणि तिनं पुन्हा पातेलं गॅसवर ठेवलं. "अक्का, बसा की. उभ्या का?"

रुद्रम्मा परत बसली. ह्या माणसाला राग आहे की नाही, तो आपल्याशी बोलला की बायकोशी, ह्यातलं काहीच तिला समजत नव्हतं. शिवप्पा समोरच्या खुर्चीवर बसून भिंतीकडं बघत राहिला, आणि चहा उकळायला लागला.